अंड्याऐवजी जवस, केळं की छोल्यांचं पाणी? घरच्या बेकिंगमध्ये या चुका टाळा

एक टेबलस्पून जवसाची पूड, तीन टेबलस्पून पाणी, झालं एक अंडं. हे सूत्र आता इतकं तोंडपाठ झालंय की लोक ते कुकीपासून स्पंज केकपर्यंत सगळीकडे लावतात. सूत्र खोटं नाही. पण भिजवलेला जवस अंड्याचं एकच काम नीट करतो, ते म्हणजे पीठ धरून ठेवण्याचं. ज्या पदार्थात अंडं फुगवण्यासाठी होतं तिथे जवस घातला की केक गिच्च होतो. मग दोष मैद्याला, ओव्हनला नाहीतर आपल्या हाताला दिला जातो, आणि "अंड्याशिवाय केक होतच नाही" असं ठरवून घरातली बेकिंगची हौस तिथेच थांबते. मला हे फार खटकतं, कारण अंड्याशिवायचा केक अगदी हलका, जाळीदार होतो. फक्त कुठल्या पदार्थात काय घालायचं याचा आधी विचार करावा लागतो.

पर्याय निवडण्याआधी अंड्याचं काम न बघणं

कवच काढलेलं मोठं अंडं साधारण ५० ग्रॅम भरतं. त्यातलं जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी, १२-१३ टक्के प्रथिनं आणि १० टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश. म्हणजे केकच्या मिश्रणातून अंडं काढलं की सर्वात आधी पाणी कमी होतं, आणि बरेच जण ते भरून काढायलाच विसरतात.

बाकीची कामं अशी. पांढरं फेटलं की त्यात हवा भरते आणि केक फुगतो. प्रथिनं साधारण ६० ते ८० अंशांच्या दरम्यान घट्ट होतात आणि फुगलेला केक त्याच जागी धरून ठेवतात. पिवळ्या बलकातलं लेसिथिन तेल आणि पाणी एकत्र बांधतं. शिवाय रंग आणि चव आहेच. यातली दोन-तीन कामं करणारा वनस्पतिजन्य पर्याय मिळतो, सगळी करणारा घरात तरी मिळत नाही.

म्हणून पाककृती हातात आली की आधी अंडी मोजा. मैद्याच्या दोन कपांमागे एक अंडं असेल तर ते बहुतेक वेळा नुसतं बांधण्यासाठी असतं. तिथे जवस, केळं, व्हिनेगर घालून आंबट केलेलं सोयादूध, काहीही चालतं. दोन अंडी असतील तर थोडा विचार करा: एकाऐवजी जवस आणि दुसऱ्याऐवजी व्हिनेगर-सोडा अशी विभागणी चांगली जमते. तीन किंवा त्याहून जास्त अंडी दिसली तर ती पाककृती बदलायच्या भानगडीत पडू नका. मुळात अंड्याशिवायच बसवलेली दुसरी पाककृती शोधा. तीन अंड्यांऐवजी तीन टेबलस्पून जवस घालून केलेला स्पंज म्हणजे ओलसर, तपकिरी वडी.

गोव्याची बेबिंका हे याचं टोकाचं उदाहरण. नारळाचं दूध, साखर, थोडा मैदा, तूप आणि भरपूर बलक. तिचा एकेक थर बलकामुळेच उभा राहतो. बलक काढले की जे उरतं ते चविष्ट असू शकेल, बेबिंका नव्हे. त्याच ताटातलं दोदोल मात्र तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ यांचं असतं, त्यात अंडं कधी नव्हतंच. वनस्पतिजन्य काही करायचं तर दोदोलच्या वाटेने जाणं शहाणपणाचं. रवा आणि नारळ घालून करतात तो गोव्याचा बाथ या दोघांच्या मधला आहे. मूळ कृतीत अंडी असतात, पण रवा दूध शोषून स्वतःच घट्ट बसतो, त्यामुळे नारळाच्या दुधात रवा रात्रभर भिजवून बेकिंग पावडरवर केलेला बाथ अंड्याशिवायही फार छान होतो.

जवसाच्या चुका

जवस आपल्याकडे परका नाही. विदर्भात तो रब्बीचं पीक म्हणून घेतात आणि चटणी तर घरोघर असते. पण तिथेच एक घोटाळा होतो: चटणीसाठी भाजून ठेवलेला जवस केकमध्ये जातो. भाजलेल्या जवसाचा वास व्हॅनिला केकमध्ये सगळ्यांच्या पुढे येऊन उभा राहतो. केकसाठी कच्चाच जवस घ्या.

पूड अगदी बारीक हवी. अख्खा जवस तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून काही हाती लागत नाही, आणि जाडसर पूड केकमध्ये कोंड्यासारखी दातात येते. जवसात तेल भरपूर असतं, त्यामुळे मिक्सर सलग फिरवला की पूड गरम होऊन भांड्याला चिकटते. थांबत थांबत फिरवा आणि चाळून घ्या. हेच तेल हवेने लवकर खवट होतं. महिनाभर डब्यात पडलेली पूड वापरली की केकला रंगाच्या डब्यासारखा वास येतो. लागेल तेवढीच करा, किंवा हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये ठेवा.

प्रमाण: ७ ग्रॅम पूड, म्हणजे एक सपाट टेबलस्पून, आणि ४५ मिली कोमट पाणी. ढवळून दहा मिनिटं ठेवा. चमचा उचलल्यावर तार सुटली पाहिजे. पाण्यासारखं ओघळत असेल तर अजून पाच मिनिटं थांबा. घाईघाईत पूड आणि पाणी वेगवेगळं थेट मिश्रणात घातलं तर मैदाच ते पाणी पिऊन टाकतो आणि जवसाला चिकटपणा येण्याची संधीच मिळत नाही.

जवस कुठे शोभतो? ओट्सच्या कुकी, गाजराचा केक, चॉकलेट ब्राउनी, कणकेचे मफिन. पांढऱ्याशुभ्र व्हॅनिला स्पंजमध्ये त्याचे तपकिरी ठिपके दिसणारच.

चियाच्या जागी सब्जा

ही चूक फालुद्यामुळे होते. सब्जा पाण्यात टाकला की पाच मिनिटांत टरारून फुगतो, मग तोच चिया समजून मफिनमध्ये घातला जातो. दोन्ही वनस्पती वेगळ्या आहेत. सब्ज्याचा बुळबुळीतपणा बीभोवती गोळा होऊन राहतो, मिश्रणात पसरत नाही, त्यामुळे बांधण्याचं काम होत नाही आणि केकमध्ये बेडकाच्या अंड्यांसारखे दाणे तेवढे दिसतात. चियाला एक टेबलस्पून बियांना तीन टेबलस्पून पाणी आणि पंधरा-वीस मिनिटं द्या. दळून घेतला तर उत्तम.

मला स्वतःला चियापेक्षा इसबगोल अधिक भरवशाचा वाटतो, आणि त्याचं नाव या विषयात फारसं कुणी घेत नाही. उत्तर गुजरातेत पिकतो, प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळतो, रंग-वास जवळजवळ नाही. एका अंड्याऐवजी एक टीस्पून भुशी आणि तीन टेबलस्पून पाणी. नाचणी, ज्वारी, राजगिरा यांच्या कुकी किंवा ब्रेड करणाऱ्यांना तर तो हवाच, कारण या पिठांत गव्हासारखं ग्लुटेन नसतं आणि अंडंही काढलं की धरून ठेवायला काहीच उरत नाही. नुसत्या जवसावर नाचणीचा केक कापताना भुगा होतो, इसबगोल घातल्यावर काप निघतात. मात्र दोन चुका टाळा. संत्र्याच्या चवीचा, साखर घातलेला इसबगोल घेऊ नका. आणि "थोडा जास्त घातला तर अजून छान बांधेल" असं समजू नका, जास्त झाला की केक रबरासारखा ओढला जातो.

छोल्यांच्या पाण्याची घाई

काबुली चणे शिजवलेलं पाणी फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो. डाळी-कडधान्यांच्या पाण्याचा हा गुण २०१४ मध्ये फ्रान्सच्या जोएल रोसेल यांनी दाखवून दिला, आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी नुसतं छोल्यांचं पाणी आणि साखर यांचं मेरिंग, म्हणजे फेटून वाळवलेला कुरकुरीत गोड फेस, करून त्याला अ‍ॅक्वाफाबा हे नाव दिलं. परदेशात डब्यातल्या छोल्यांचं पाणी सरळ वापरतात, कारण ते डब्यात राहून घट्ट झालेलं असतं. आपल्याकडे छोले कुकरला लागतात, आणि बहुतेक चुका त्या कुकरमध्येच होतात.

पहिली: भिजवलेलं पाणी फेकलं जात नाही. छोले आठ-दहा तास भिजवून ते पाणी ओता, छोले धुवा, शिजवायला नवं पाणी घ्या.

दुसरी: पाणी फार. आमटीसारखं पाणी घातलं तर जे मिळतं ते पिवळसर पाणीच, त्याला फेस धरत नाही. छोल्यांच्या वर जेमतेम एक पेर पाणी राहील इतकंच घाला.

तिसरी: रोजच्या सवयीने मीठ, सोडा, हळद, तमालपत्र किंवा रंगासाठी चहाची पुरचुंडी टाकली जाते. यातलं काही नको.

चौथी, आणि सर्वात जास्त होणारी: शिट्ट्या झाल्या की लगेच गाळणं. छोले त्याच पाण्यात गार होऊ द्या, जमलं तर रात्रभर फ्रीजमध्ये त्यातच ठेवा. सकाळी गाळून बघा. पाणी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं सरबरीत हवं. पातळ असेल तर मंद आचेवर आटवा आणि पूर्ण गार करून मगच फेटा. गरम असताना फेटून काही होत नाही.

प्रमाण सोपं आहे. पूर्ण अंड्याऐवजी तीन टेबलस्पून, नुसत्या पांढऱ्याऐवजी दोन. आठवड्याला छोले होत असतील तर बर्फाच्या ट्रेमध्ये एकेक टेबलस्पून ओतून गोठवा, महिनोन्‌महिने कामाला येतं. फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांपुढे ठेवू नका.

फेस येत नाही अशी तक्रार असेल तर भांडं तपासा. तेलाचा ओशटपणा फेसाचा शत्रू आहे, आणि प्लास्टिकच्या भांड्यातून तो कधीच पूर्ण जात नाही. स्टीलचं किंवा काचेचं भांडं घ्या, लिंबाच्या फोडीने पुसा. अर्धा कप पाण्याला पाव टीस्पून क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमधली आंबट पूड) किंवा अर्धा टीस्पून लिंबाचा रस घाला. हाताने फेटणं जवळजवळ अशक्य, विजेचा बीटर आठ-दहा मिनिटं चालवावा लागतो. अंड्याचं पांढरं जास्त फेटलं की फाटतं, याला ती भीती नाही, म्हणून मध्येच धीर सोडून थांबू नका. भांडं उलटं केलं तरी फेस हलला नाही पाहिजे. साखर त्यानंतर, तीही एकेक चमचा. घरी मिक्सरला बारीक केलेली साखर सर्वात बरी. एकदम ओतली की फेस खाली बसतो.

आता याची मर्यादा. छोल्यांचा फेस दिसायला अंड्यासारखा असला तरी उष्णतेने अंड्यासारखा घट्ट होत नाही. मेरिंग ९० ते १०० अंशांवर दीड-दोन तास वाळवलं तर जमतं, १५० वर ठेवलं तर वितळून चिकट थर होतो. म्हणूनच फक्त फेटलेल्या पांढऱ्यावर उभा राहणारा एंजल फूड केक यातून करायला जाऊ नका. मूस, केकवरचं फ्रॉस्टिंग, कुकी, ब्राउनी यांत मात्र ते उत्तम काम करतं. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात मेरिंगचा नाद सोडा. हवेतला ओलावा साखर ओढून घेते आणि सकाळचं कुरकुरीत मेरिंग संध्याकाळी बोटाला चिकटतं. तो पदार्थ डिसेंबर-जानेवारीचा.

सोडा जास्त, व्हिनेगर कमी

हलका स्पंज हवा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: जवस नको, केळं नको, व्हिनेगर आणि सोडा. अमेरिकेत १९३०च्या मंदीच्या काळात अंडी-दूध-लोणी न घालता केलेला चॉकलेट केक याच जोरावर घरोघर पोचला आणि आजही तो केला जातो. दीड कप मैदा, एक कप साखर, तीन टेबलस्पून कोको, एक टीस्पून सोडा, अर्धा टीस्पून मीठ, एक टेबलस्पून व्हिनेगर, पाच-सहा टेबलस्पून तेल, एक कप पाणी, थोडा व्हॅनिला. १८० अंशांवर अर्धा तास. अंड्याशिवाय बेकिंग शिकायचं असेल तर सुरुवात या केकने करावी.

पण याच प्रमाणात कोको काढून व्हॅनिला केक केला की साबणाची चव येते, आणि लोक चक्रावतात. कारण हिशोबात आहे. आपल्याकडचं व्हिनेगर ४-५ टक्क्यांचं असतं. एक टेबलस्पून व्हिनेगर जेमतेम १ ग्रॅमभर सोडा शमवतं, म्हणजे पाव टीस्पूनपेक्षाही कमी. एक टीस्पून सोडा तर साधारण ५ ग्रॅम असतो. उरलेला सोडा ओव्हनच्या उष्णतेने फुगवण्याचं काम करतो खरा, पण मागे क्षार ठेवतो आणि तीच ती साबणाची चव. चॉकलेट केकमध्ये कोकोची आंबट-कडू चव ते झाकते, व्हॅनिलात झाकायला काही नसतं.

म्हणून साध्या केकला सोडा अर्ध्या टीस्पूनच्या वर नेऊ नका, उरलेलं काम बेकिंग पावडरवर सोपवा. माझं भरवशाचं प्रमाण: १८० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम साखर, एक टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून सोडा, चिमूटभर मीठ, २४० मिली सोयादुधात एक टेबलस्पून व्हिनेगर, ८० मिली बिनवासाचं तेल, व्हॅनिला. मैद्यातले दोन टेबलस्पून काढून तेवढंच कॉर्नफ्लोअर घातलं तर पोत आणखी मऊ येतो.

सोयादूध का? त्यात प्रथिनं बऱ्यापैकी असतात, व्हिनेगर घातल्यावर ते फाटून दाट होतं, आणि केकला थोडा आधार व रंग देतं. बदामाचं किंवा ओट्सचं दूध तसं दाट होत नाही. ते बघून अजून व्हिनेगर ओतू नका, आंबटपणा त्यात उतरलेलाच असतो. नारळाचं घट्ट दूध वापरलं तर तेल थोडं कमी करा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की बुडबुडे त्याच क्षणी सुटायला लागतात. मिश्रण तयार करून मग ओव्हन तापवायला लावणं, टिनला बटर पेपर शोधत बसणं, मुलांना "थांबा, फोटो काढू" म्हणणं, यात अर्धा फुगवटा ओट्यावरच संपतो. ओव्हन आधी तापवा, टिन आधी तयार ठेवा, ओलं-कोरडं एकत्र केल्यावर पाच मिनिटांत आत घाला. इनोलाही हेच लागू, उलट त्याला घाई जास्तच.

डब्यातला सोडा जुना आहे का हे बघायला त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बेकिंग पावडरीवर गरम पाणी टाका. दोन्ही जोरात फसफसले पाहिजेत. पावसाळ्यात सैल झाकणाच्या डब्यातली बेकिंग पावडर हटकून मेलेली निघते.

रंगासाठी हळद घालणाऱ्यांना एक सूचना. सोडा असलेल्या मिश्रणात हळद लालसर होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तीच ही क्रिया. पिवळा केक करायला जाऊन विटकरी ठिपक्यांचा होतो. हळद घालायचीच तर नखावर मावेल इतकी, आणि सोडा न घातलेल्या, फक्त बेकिंग पावडरच्या मिश्रणात.

केळं, भोपळा, टोफू, बेसन

केळं पाव कप, म्हणजे कुस्करून ६० ग्रॅम, एका अंड्याऐवजी. "एक केळं" हे माप नव्हे: जळगावचं केळं आणि वसईची वेलची यांत केवढा फरक. वजन करा. साल काळ्या ठिपक्यांनी भरलेली हवी, नाहीतर गोडी आणि ओलावा दोन्ही कमी. केळ्याने केक जड होतो, म्हणून अर्धा टीस्पून बेकिंग पावडर वाढवा आणि साखर थोडी कमी करा. केळ्याची चव लपत नाही, त्यामुळे वेलदोडा किंवा कोको यांच्याशीच जोडी लावा. कुकीत घातलं तर कुकी खुसखुशीत न होता पावासारखी मऊ होते.

लाल भोपळा वाफवून गाळणीवर निथळत ठेवा. हे न करता घातला की केकच्या तळाशी ओला, शिऱ्यासारखा थर बसतो.

रेशमी टोफू ६० ग्रॅम मिक्सरमधून गुळगुळीत करून घातला तर ब्राउनी आणि चीजकेक सुरेख होतात. पनीरसारखा कडक टोफू घेऊ नका, त्याचे कण राहतात.

बेसनाचं टोमॅटो ऑम्लेट आपण पिढ्यान्‌पिढ्या करतोय, पण ते तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलं जातं. केकच्या मधोमध तेवढी आच पोचत नाही आणि कच्च्या बेसनाची चव उरते. बेसन खारे मफिन, भाज्यांचा बेक यांपुरतंच ठेवा. काळं मीठही तिथेच: त्यातल्या गंधकाने अंड्याची आठवण होते, गोड केकमध्ये ती कुणालाच नको असते. मुगाची प्रथिनं उष्णतेने छान घट्ट होतात, कॅलिफोर्नियातल्या ईट जस्ट कंपनीचं जस्ट एग त्यावरच बेतलेलं आहे. पण ती वेगळी काढलेली प्रथिनं असतात. घरी भिजवलेली मूगडाळ वाटून धिरडं होतं, स्पंज होत नाही.

चमच्याचा घोळ

"दोन चमचे" असं लिहिलेल्या पाककृतीत चमचा कुठला? पोह्याचा चमचा टेबलस्पून नव्हे, तो १५ मिलीपेक्षा बराच लहान असतो. भाजीत याने काही बिघडत नाही. जवस-पाण्याच्या १ आणि ३ या प्रमाणात मात्र जवस मापाच्या चमच्याने आणि पाणी पोह्याच्या चमच्याने घेतलं की लगदा होतो. मापाच्या चमच्यांचा संच घ्या, टेबलस्पून १५ मिली आणि टीस्पून ५ मिली. मैदा तर वजनानेच. वाटी मैद्याच्या डब्यात खुपसून भरली की मैदा दाबून बसतो आणि प्रमाणापेक्षा बराच जास्त जातो. अंडं नसलेल्या मिश्रणाला ही चूक सोसत नाही.

सगळं एकाच वेळी बदलणं

मैद्याऐवजी कणीक, साखरेऐवजी गूळ, लोण्याऐवजी तेल आणि अंड्याऐवजी जवस. हेतू चांगला असतो, पण केक बिघडला की कारण कुठलं हे कळायला मार्ग राहत नाही. कणीक जास्त पाणी पिते, गूळ स्वतः ओलावा आणतो, जवस जडपणा आणतो. आधी फक्त अंडं बदला. तो केक जमला की पुढच्या वेळी अर्धा मैदा काढून कणीक घाला. असं एकेक पाऊल टाकलं तर तीन-चार रविवारांत कणीक-गुळाचा केक हातात येतो.

साखर उगाच वाढवणं हीही अशीच चूक. साखरेमुळे पिठातला स्टार्च घट्ट व्हायला उशीर लागतो. अंड्याच्या केकमध्ये तोवर प्रथिनं आधार देतात. इथे तो आधार नसतो, मग केक फुगतो आणि मधोमध खाली बसतो. मैद्याइतकीच साखर असलेल्या पाउंड केकच्या पाककृतीतून नुसती अंडी काढली की नेमकं हेच होतं.

भांडं आणि भाजणं

उंच, अरुंद टिन नको. सहा-सात इंची टिनमध्ये अर्ध्यापर्यंतच मिश्रण घाला. थरांचा उंच केक हवा असेल तर दोन पातळ केक वेगवेगळे भाजून एकावर एक ठेवा. कापून दोन करण्याचा मोह आवरा, या केकचा चुरा लवकर पडतो.

ओलं-कोरडं एकत्र केल्यावर कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात. गुळगुळीत दिसेपर्यंत बीटर फिरवला की ग्लुटेन ताणलं जातं आणि केक चिवट होतो, आत उभी भोकं पडतात.

मिठाच्या थरावर कुकरमध्ये किंवा जाड कढईत केक करत असाल तर शिटी आणि रबर काढलेलं असू दे, दहा मिनिटं आधी तापवा, आणि आच मंदच ठेवा. पहिली पंचवीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. अंडं नसलेला केक तोवर आतून घट्ट झालेला नसतो, गार हवा लागली की बसलाच. वरून रंग येत नाही म्हणून जास्त वेळ ठेवू नका, तिथे वरून आच नसतेच.

टूथपिक कोरडी निघाली म्हणजे झालं, असं केळं-भोपळ्याच्या केकबाबत समजू नका. बोटाने हलकं दाबा, खड्डा पुन्हा वर आला पाहिजे. ओव्हनमध्ये वरचा भाग लवकर काळवंडत असेल तर फॉइल टाकून आणखी दहा मिनिटं द्या. आणि गरम केक कापू नका. आतला स्टार्च गार होतानाच बसतो, गरम कापला की सुरीला चिकट लगदा येतो आणि केक कच्चा राहिल्याचा उगाच समज होतो. तासभर जाळीवर राहू द्या.

बिघडल्यावर कारण कसं शोधायचं

मधोमध बसला: सोडा किंवा साखर जास्त, नाहीतर दार लवकर उघडलं. तळाशी ओला पट्टा: जवस, केळं किंवा भोपळा जास्त, किंवा मिश्रण ओट्यावर फार वेळ पडून राहिलं. वर डोंगर होऊन फाटला: आच जास्त, १० अंश कमी करून बघा. भुगा होतो: बांधणारं काही घातलेलंच नाही, नुसता सोडा-व्हिनेगर आणि ग्लुटेन नसलेलं पीठ असं झालं. कुकी तव्यावरच्या घावनासारखी पसरली: तेल किंवा लोणी पातळ होतं, पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग भाजा. वर रंगच आला नाही: पाव किंवा बनवर अंड्याऐवजी दोन टेबलस्पून सोयादुधात एक टीस्पून गुळाचा पाक मिसळून ब्रशने लावा. भाजायला जाताना एकदा आणि शेवटची पाच मिनिटं उरली की पुन्हा.

बिघडलेला केक टाकू नका. गिच्च झालेला असेल तर पातळ काप करून १५० अंशांवर वाळवा, चहाबरोबर रस्क म्हणून संपतो.

एगलेस म्हणजे वनस्पतिजन्य नव्हे

शेवटची चूक पाकीट वाचण्यातली. आपल्याकडे एगलेस केकमध्ये दही, कंडेन्स्ड मिल्क, लोणी सर्रास असतं. हिरवा ठिपका मांस किंवा अंडं नाही एवढंच सांगतो, दूध त्याला चालतं. पूर्ण वनस्पतिजन्य पदार्थांसाठी भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आणलं. श्रावण पाळणाऱ्यांना हा फरक जाणवणार नाही, पण दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी केक करत असाल तर तो कळीचा आहे. आणि कुणाला अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर नेहमी अंडी फेटतो तोच बीटर नुसता खंगाळून वापरू नका, गरम पाणी आणि साबणाने नीट धुवा. सोया आणि सुकामेवा यांचीही अ‍ॅलर्जी असते, म्हणून केक शेजारी पाठवताना डब्यावर त्यात काय घातलंय ते लिहा.

हे केक, विशेषतः केळं-भोपळ्याचे, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ओट्यावर एका दिवसापुढे ठेवू नका. पूर्ण गार झाल्यावर काप करून हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवले तर तीन-चार दिवस टिकतात. मधे बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवलेले काप महिनाभर चांगले राहतात, खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढायचे.